वसुधाताईंचं एकोणिसावं शतक

आमच्या लायब्ररीत दर गुरुवारी दुपारी कविता वाचायचा एक गट जमतो. कविता वाचून संपली की सगळे क्षणभर गप्प बसतात, कोणी चष्मा पुसतं, कोणी खिडकीबाहेर बघतं. नेमक्या त्या शांततेत वसुधाताई सबनीस हात वर करायच्या. शाळेतल्या मुलीसारखा, कोपर सरळ ठेवून. गट चालवणारी ॲन आधी एक श्वास घ्यायची आणि मग म्हणायची, "येस, वसुधा?"

"कोळसा कोणी आणला?" वसुधाताई विचारायच्या.

इंग्रजीतच विचारायच्या, पण त्यांचं इंग्रजी इतकं ठणठणीत पुणेरी होतं की मला ते मराठीतच ऐकू यायचं.

ॲननं आयुष्यभर शाळेत एकोणिसाव्या शतकातली कविता शिकवली होती, त्यामुळे गटात वाचायचं ते तेवढंच. त्या कवितांमध्ये बहुतेक वेळा संध्याकाळ झालेली असायची. बाहेर धुकं, आत फायरप्लेस पेटलेली. नवरा दमून घरी येतो, मुलं त्याच्या गळ्यात पडतात, आणि बायको मांडीवरचं शिवण खाली ठेवून अशी काही हसते की त्याचे दिवसभराचे कष्ट विरून जातात. गटातल्या बायका उसासा टाकायच्या. वसुधाताई मात्र जाळापाशी थांबायच्या. हा जाळ कधीपासून पेटलाय? तळघरातून कोळशाची बादली वर कोणी आणली? सकाळची राख कोणी काढली? चहाचं पाणी आपोआप उकळलं का? त्यांचं म्हणणं असं, की त्या बाईनं शिवण हातात घेतलं ते नवऱ्याची चाहूल लागल्यावर. त्याआधी दिवसभर ती काय करत होती ते कवीला माहीत असायचं कारण नाही, कारण कवी घरी नव्हता.

बायकोला देवी मानणाऱ्या कवींवर त्यांचा विशेष राग. एका कवितेत बायकोला चक्क पंख फुटले होते, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं होतं, की एवढे मोठे पंख घेऊन ही बाई पिठाच्या डब्यात हात कसा घालत असेल. आणि बायको वारल्यावर लिहिलेल्या कविता तर त्या हातातही धरायच्या नाहीत. "बायको मेली की हे लोक फार सुंदर लिहितात," त्या म्हणायच्या. "ती जिवंत असताना सुचत नाही यांना."

मला या गटात त्यांनीच ओढून नेलं होतं. मी हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात काम करते आणि कवितेशी माझा संबंध दहावीनंतर संपला होता. पण इंग्लंडात लीड्सला आम्ही राहायला आलो तेव्हा वसुधाताई समोरच्याच घरात होत्या. आमचं सामान अजून व्हॅनमधून उतरत होतं आणि त्या गेट उघडून आत आल्या. मागून डॉक्टर सबनीस दोन्ही हातांत गरम डबा सांभाळत येत होते. मी वाकून नमस्कार केला आणि "या ना, काकू" म्हटलं.

"काकू म्हणू नकोस," त्या म्हणाल्या. "काकू म्हटलं की माणसं पाट मांडून बसतात. ताई म्हण."

त्या वेळी त्या सत्तरीच्या आसपास होत्या आणि मी चाळिशीची. तेव्हापासून त्या ताई. डॉक्टर मात्र डॉक्टरच राहिले. हाडांचे सर्जन म्हणून इथल्या हॉस्पिटलात त्यांची सगळी नोकरी झाली होती, आणि निवृत्त होऊनही कचऱ्याचे बिन्स बाहेर काढायला जाताना त्यांच्या शर्टाची इस्त्री मोडलेली नसायची. तर त्या डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. मी तिथेच झाकण उघडून घासभर खाल्ली आणि अगदी मनापासून म्हटलं, की इतकी मोकळी खिचडी मी नाशिक सोडल्यापासून खाल्लेली नाही. वसुधाताई काही बोलल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, "दाण्याचं कूट जरा कमी पडलंय."

मला तो माणूस तेव्हाच आवडेनासा झाला.

पुढे इथल्या मराठी मंडळात ओळखी झाल्यावर कळलं, की सगळ्या बायकांचं त्यांच्याविषयी हेच मत होतं. वसुधाताईंच्या हातचं जेवण म्हणजे यॉर्कशायरमधल्या मराठी घरांत एक दंतकथा होती. होळीला त्यांच्याकडून पुरणपोळ्या यायच्या, त्या इतक्या पातळ की खालच्या ताटाची नक्षी दिसावी. गणपतीत त्यांची आमटी आधी संपायची, मग बाकीचे पदार्थ. आणि दर वेळी डॉक्टर काहीतरी खोट काढायचे. पुरण जरा कोरडं झालंय. आमटीत गूळ एक खडा जास्त पडला. वसुधाताई खाली मान घालून बसायच्या. नलिनीवहिनी म्हणून आमच्या मंडळाच्या जुन्या सभासद आहेत, त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, की अशी सुगरण बायको मिळूनही ज्याला कौतुकाचा एक शब्द फुटत नाही, त्याला काय म्हणावं. मला तर वाटायचं, गुरुवारी लायब्ररीत वसुधाताई त्या मेलेल्या कवींवर जो राग काढतात, तो खरा या जिवंत नवऱ्यावरचा आहे.

वसुधाताईंचा हेका एकच होता. कुणी पाककृती विचारली की सांगायच्या नाहीत. "ते हाताचं असतं, सांगून येत नाही," एवढंच. दिवाळीत फराळाला आम्ही सगळ्या नलिनीवहिनींकडे जमायचो, तिथे त्या येऊन बसायच्या पण चकलीच्या सोऱ्याला हात लावायच्या नाहीत. आम्ही म्हणायचो, राहू दे, बिचारी घरी एवढं करते. काही जणींना तो तोरा वाटायचा. मलाही एकदोनदा वाटला होता, खोटं कशाला बोला.

गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "शुभा, हे पडलेत," एवढंच म्हणाल्या. मी घरातल्या चपलांवर रस्ता ओलांडून धावले. पुढचं दार उघडंच होतं. डॉक्टर स्वयंपाकघरात जमिनीवर पडले होते. डोळे उघडे होते, पण उजवा हात आणि उजवा गाल त्यांचा राहिलेला नव्हता. गॅसवर तवा तापून धुरावला होता. ओट्यावर परातीत कणीक अर्धवट मळलेली. मी गॅस बंद केला, ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि डॉक्टरांच्या डोक्याखाली टॉवेल ठेवला. वसुधाताई त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांच्या काखेत एक पुस्तक होतं. ते खाली ठेवायचं त्यांना सुचलं नव्हतं, आणि ॲम्ब्युलन्समध्येही ते त्यांच्याबरोबरच गेलं.

ॲक्सिडेंट विभागात डॉक्टरांच्या बोटाला नर्सनं ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली, पण आकडा येईना. तिनं बोट बदललं, तरी येईना. मग तिनं त्यांचा हात उजेडात धरला आणि मला विचारलं, की यांच्या बोटांवर हे पांढरं काय वाळलंय. मी पुढे झाले. बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडेनं, अंगठीखाली सगळीकडे कणीक होती. मी नकळत वसुधाताईंच्या हातांकडे बघितलं. ते स्वच्छ होते.

"कणीक आहे," त्या म्हणाल्या. "हे आत्ताच भिजवत होते."

नर्सनं ओले वाइप्स आणले. वसुधाताईंनी ते तिच्याकडून घेतले आणि एक बोट पुसायला सुरुवात केली. आधी पेर, मग नखाची एक कड, मग दुसरी. इतक्या सावकाश पुसत होत्या की नर्स पाय बदलत उभी राहिली. ते एक बोट स्वच्छ झाल्यावर त्यांनी विचारलं, की मशीनला एक बोट पुरतं ना. नर्स हो म्हणाली. वसुधाताईंनी वाइप्स परत दिले.

डॉक्टरांना स्कॅनसाठी नेलं. माझ्याच विभागात नेलं, पण मी आत गेले नाही, वसुधाताईंजवळ बसले. नातेवाइकांच्या त्या छोट्या खोलीत, जिथे टिश्यूंचा खोका आणि कॉफीचं मशीन याखेरीज काही नसतं, तिथे त्यांनी मला सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

लग्न होऊन त्या इंग्लंडात आल्या तेव्हा पुण्याच्या इंग्रजी एम.ए. होत्या आणि त्यांना फक्त पाणी तापवता यायचं. डॉक्टरांची पहिली नोकरी डोंगराळ भागातल्या एका लहान गावात होती. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये दिवसभर एकटं बसायचं, खिडकीतून पाऊस बघायचा, आणि संध्याकाळी करपलेला भात नवऱ्यापुढे ठेवून रडायचं, असे पहिले महिने गेले. एके दिवशी डॉक्टर म्हणाले, की आई गेल्यावर धाकट्या भावंडांना मीच रांधून घातलंय, तू बाजूला हो. आणि मग म्हणाले, की नुसतं बसून राहू नकोस, मला काहीतरी वाचून दाखव. त्यांच्याकडे पुण्याहून आणलेली एम.ए.ची पुस्तकंच तेवढी होती. त्या उंच स्टुलावर बसून वाचायच्या, हे पाठमोरे पोळ्या लाटायचे. दिवसभर लोकांची हाडं जोडून आलेला माणूस कणीक मळताना खांदे सैल सोडायचा, त्या म्हणाल्या, तेव्हा कळायचं की आता हे घरी आलेत.

डॉक्टरांना कवितेत गती नव्हती. एका संध्याकाळी वसुधाताई फार रंगून काहीतरी वाचत होत्या. धुकं, फायरप्लेस, घरी आलेला नवरा. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, कशी वाटली. डॉक्टर पोळी उलटत म्हणाले, की छान आहे, पण कोळसा कोणी आणला?

"मी चिडले होते," वसुधाताई म्हणाल्या. "दोन दिवस वाचलं नाही. मग एम.ए.ला पाठ केलेल्या सगळ्या कविता एकेक करून परत काढल्या. एकीतही त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं."

लपवायचं असं कधी ठरलं नव्हतं. पहिल्या दिवाळीला एक मोठे डॉक्टर बायकोला घेऊन जेवायला आले. त्या बाईंनी वसुधाताईंना विचारलं, की आमटीत काय घातलंस. वसुधाताई काही बोलायच्या आत डॉक्टर म्हणाले, की हिच्या हाताची चवच तशी आहे. त्यांना वाटलं, नवी मुलगी आहे, लोक नावं ठेवतील. झालं ते तिथे. पुढे मंडळ आलं, सणवार आले, एकदा पसरलेली कीर्ती परत घेता आली नाही. "सुरुवात ह्यांनी केली, पण चालू मी ठेवलं," त्या म्हणाल्या. "सोयीचं होतं मला. आणि हे काय करायचे, लोक माझी स्तुती करायला लागले की स्वतःच्या चुका सांगायचे. कूट कमी पडलं, गूळ जास्त पडला. मला तेवढ्यापुरतं हलकं वाटावं म्हणून."

मला त्या पहिल्या दिवसाची खिचडी आठवली आणि मी कॉफीच्या मशीनकडे बघत राहिले.

डॉक्टर तिसऱ्या दिवशी गेले. तोपर्यंत वॉर्डातल्या नर्सनी त्यांचे दोन्ही हात स्वच्छ धुतले होते.

त्यांची मुलगी मीरा ब्रिस्टलहून आली. ती इथेच जन्मलेली, कौन्सिलमध्ये चांगल्या हुद्द्यावर आहे, पन्नाशीला आलीय. इथे अंत्यसंस्काराची तारीख मिळेपर्यंत दोन आठवडे जातात. त्या दिवसांत आम्ही आळीपाळीनं त्यांच्याकडे डबे देत होतो. एकदा मी डबा उघडत असताना मीरा माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"शुभा, माझ्या स्कूलमध्ये मी सगळ्यांना सांगायची, माय डॅड कुक्स," ती म्हणाली. "पण मंडळात सांगायचा नाही, असा रूल होता. मला वाटायचा, सगळ्यांच्या घरी असाच असतो." मग तिनं माझी आमटी चमच्यानं चाखली, छान आहे म्हणाली, आणि थोड्या वेळानं म्हणाली, "बाबाची आमटी खूप छान होता." आणि सिंककडे तोंड करून उभी राहिली.

अंत्यसंस्कारानंतरच्या रविवारी मंडळानं चर्चच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. डॉक्टरांचा फोटो, हार, समई. जुने सहकारी बोलले, कुणाचा गुडघा, कुणाची कंबर डॉक्टरांनी कशी बरी केली ते सांगून झालं. अध्यक्ष म्हणाले, की डॉक्टर शेवटपर्यंत इतके ताठ राहिले यात वसुधाताईंच्या हातच्या जेवणाचा मोठा वाटा आहे. लोकांनी माना डोलावल्या. नलिनीवहिनी वसुधाताईंच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचा हात हातात घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "आता स्वयंपाक कोणासाठी करायचा, असं होत असेल ना तुम्हाला?"

वसुधाताई उभ्या राहिल्या. माइक घेतला नाही. त्यांचा आवाज तसाही शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

त्या म्हणाल्या, "मी कधीच स्वयंपाक केला नाही. मला येत नाही. तुम्ही खाल्लेल्या पुरणपोळ्या ह्यांनी केलेल्या होत्या. आमटी, खिचडी, सगळं. घर ह्यांनी चालवलं. मी स्टुलावर बसून पुस्तकं वाचली."

मागे कुणीतरी हुंदका दिला. नलिनीवहिनींनी वसुधाताईंना खांद्याला धरून खाली बसवलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. अध्यक्षांनी डोळे पुसले आणि म्हणाले, की याला म्हणतात पत्नी. आयुष्यभराच्या कष्टांचं श्रेयसुद्धा नवऱ्याला देऊन मोकळी झाली. एवढं मोठं मन आजकाल कुठे बघायला मिळतं.

वसुधाताई परत उठायला बघत होत्या. "अहो, खरं सांगतेय मी," त्या म्हणाल्या. नलिनीवहिनी म्हणाल्या, "हो हो, ताई. बसा. पाणी आणते." मीरा काहीतरी बोलायला पुढे झाली, पण तिच्या मराठीला तेवढा वेग नव्हता, आणि लोक तोवर फोटोला फुलं वाहायला रांगेत उभे राहिले होते. मी बोलायला हवं होतं. मी सांगितलंही, चहाच्या वेळी, चार-पाच जणींना. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जशा दुःखी माणसाची समजूत घालणाऱ्या भल्या माणसाकडे बघतात.

परतताना मी गाडी चालवत होते, मीरा मागे बसली होती. वसुधाताई समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "शुभा, त्या लोकांनी मला कवितेत घातलं." त्या रडल्या नव्हत्या, पण आता त्यांचा चेहरा एकदम खूप म्हातारा दिसला.

मीराला त्यांना ब्रिस्टलला न्यायचं होतं. त्या गेल्या नाहीत. मीरा रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, की आई, काय जेवलीस. आणि वसुधाताई सांगायच्या. आज भरली वांगी केली. आज वरणफळं. एकदा मी तिथे बसले असताना त्यांनी अळूवड्यांचं इतकं रसभरीत वर्णन केलं, की माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. समोर ताटलीत टोस्ट होता, तोही अर्धा. मीराला हे माहीत होतं. तिनं मला तसं सांगितलं होतं. पण फोनवर ती रोज म्हणायची, "मस्त, आई," कारण त्या गोष्टी सांगताना आईचा आवाज बरा असायचा.

मी त्यांना शिकवायचा प्रयत्न केला. कुकरच्या शिट्ट्यांना त्या दचकायच्या. फोडणी करपायची. पोळी लाटायला घेतली की ती पोळपाटाला चिकटून बसायची आणि त्या ती उलथन्यानं खरवडत म्हणायच्या, की हे ह्यांना बघवलं नसतं. एकदा त्या लाटणं खाली ठेवून म्हणाल्या, की सगळं आयुष्य मी दुसऱ्यांच्या घरात राख कोण काढतं ते विचारत फिरले, आणि ह्यांना मीठ किती लागतं ते मला माहीत नाही.

ईस्टरनंतर त्या गटात परत आल्या. बायकांनी त्यांना मिठ्या मारल्या, कार्डं दिली. ॲननं मुद्दाम साधीशी, फुलांबिलांची कविता निवडली होती, पण शेवटी शेवटी तिच्यातही एक घर आलंच, आणि घरात वाट बघणारी बाई. वाचून झालं. सगळ्या वसुधाताईंच्या हाताकडे बघत होत्या. हात वर झाला नाही.

त्याऐवजी त्या म्हणाल्या, की माझ्या घरी सगळा स्वयंपाक माझा नवरा करायचा.

डोरीन म्हणून गटात एक बाई आहे, शाळेच्या बसवर काम करून निवृत्त झालेली, कवितेवर क्वचितच बोलते. ती म्हणाली, "सगळा?" वसुधाताई हो म्हणाल्या. डोरीन म्हणाली, की माझ्या नवऱ्याला अंडं उकडता यायचं नाही, देव त्याचं भलं करो. मग तिनं विचारलं, की काय काय करायचे ते?

एवढंच. कुणी डोळे पुसले नाहीत, कुणी मोठ्या मनाबद्दल बोललं नाही. त्यांना त्यात अविश्वास वाटण्यासारखं काही दिसलंच नाही. आणि वसुधाताई सांगायला लागल्या. पुरण म्हणजे काय, ते शिजलं की नाही हे पळी उभी करून कसं बघतात, डॉक्टर पोळी तव्यावर टाकताना हात कसा फिरवायचे, कणीक मळताना काय गुणगुणायचे. नुकत्याच जोडलेल्या हाडाला हात लावावा तसा ते पिठाच्या गोळ्याला हात लावायचे, असंही म्हणाल्या. डोरीन आणि बाकीच्या मध्येमध्ये विचारत होत्या, त्या हातांनी दाखवत होत्या. ॲननं पुढची कविता काढून ठेवली होती, ती तशीच राहिली. लायब्ररीचा माणूस दिवे मालवायला आला तेव्हा कुठे आम्ही उठलो.

बसमधून आमच्या रस्त्यावर उतरल्यावर मी माझ्या घराकडे वळत होते, तर वसुधाताई म्हणाल्या, की जरा आत ये.

स्वयंपाकघरात त्यांनी कोट काढला, हात धुतले, आणि परातीत पीठ घेतलं. जरा जास्तच घेतलं. मी पुढे झाले तर त्यांनी मला थांबवलं. भिंतीजवळचं उंच स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "तू बस. वाच काहीतरी."

पुस्तक खिडकीतच होतं. हॉस्पिटलात त्यांच्या काखेत होतं तेच. मी एक पान उघडलं आणि वाचायला लागले. इंग्रजी कविता मोठ्यानं वाचायची मला सवय नाही, मी अडखळत होते, कुठे थांबायचं ते कळत नव्हतं. वसुधाताई माझ्याकडे पाठ करून कणीक मळत होत्या. पाणी जास्त झालं, म्हणून त्यांनी आणखी पीठ घातलं. खांदे ताठ होते. मी वाचायची थांबले आणि म्हटलं, की ताई, मला हे नीट वाचता येत नाही, तुम्हीच वाचा, मी मळते.

"नको," त्या म्हणाल्या. वळून बघितलं नाही. "ह्यांना इथून कसं ऐकू यायचं, ते मला कधी कळलंच नाही."

मग नळ सोडून त्यांनी हाताला पाणी लावलं आणि म्हणाल्या, "जरा मोठ्यानं वाच."

मी आवाज चढवला आणि पुढची ओळ वाचली.